दुभाषीबाईंचा शब्द

कोर्टात त्यांना सगळे दुभाषीबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंची मातृभाषा म्हणजे त्या देशाची राष्ट्रभाषा. मान केवढा! झेंड्यापुढचं गीत तिच्यात, नोटांवर तिची अक्षरं, वर्षातून एक दिवस तिच्या नावाने भाषणं. पण अर्ज, दाखले, निकाल सगळे राजभाषेत. राष्ट्रभाषेतला अर्ज खिडकीवरूनच परत यायचा. थोडक्यात, एकीला देव्हाऱ्यात बसवलं होतं आणि घराच्या किल्ल्या दुसरीच्या कमरेला होत्या.

या दोघींच्या मध्ये उभं राहण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की बाईंनीही ‘मी’च म्हणायचं, ही कामाची रीत. दिवसभर त्या चोराच्या वतीने बोलत, विधवेच्या वतीने बोलत. संध्याकाळी घरी मात्र एक शब्द बोलायलाही कुणी नसे. फार एकट्या होत्या बाई.

गेल्या वर्षी बहीण आणि मेहुणे अपघातात गेले. मागे सात वर्षांची पोर राहिली. तिच्या ताब्यासाठी बाईंनी अर्ज केला, तिच्या काकानेही केला. बाईंनी तेवढ्यात खोलीला पिवळा रंग दिला, छोटा पलंग आणला आणि शेजारणीला दहादा दाखवला.

न्यायाधीशांना मुलीशी एकटीशी बोलायचं होतं. ते नुकतेच बदलून आलेले. राष्ट्रभाषेतलं गीत छाती काढून म्हणत, अर्थ मात्र विचारू नये. दुसरा दुभाषी आजारी.

“साहेब, मी अर्जदार आहे. मी नको,” बाई म्हणाल्या.

“बाईच असू द्या,” काका म्हणाला. “त्यांनी आजवर कुणाचा शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.”

समोरच्या पक्षाने इतका विश्वास टाकू नये माणसावर!

आतल्या खोलीत तिघंच. साहेबांचा प्रश्न बाईंनी मुलीला सांगितला: कोणाकडे राहायचंय? मुलीने पाय हलवत विचार केला.

“काकाकडे. मावशी खूप चांगली आहे. पण तिच्या घरी कुणी बोलतच नाही.”

ही भाषा कळणाऱ्या खोलीत त्या दोघीच होत्या. एक नाव बदललं असतं तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता.

“काय म्हणते?” साहेबांनी पेन उचललं.

“मला काकाकडे राहायचंय,” बाई नेहमीच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. “मावशी खूप चांगली आहे. पण तिच्या घरी कुणी बोलतच नाही.”

साहेबांनी लिहून घेतलं. “आणखी काही?”

बाईंनी मुलीला विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. सांगायचं होतं ते बाईंनाच, आणि पुष्कळ होतं.

“नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “तिचं एवढंच म्हणणं आहे.”