मी जाळलेली कॉइल

पोंभुर्ण्यात माझा लग्नाच्या मांडवात साउंड लावायचा धंदा होता. स्पीकरची कॉइल जळली की मी घुग्घुसला एका बाईंकडे जायचो. नवरा वारल्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान त्याच चालवत होत्या. केसासारखी बारीक तांब्याची तार त्या हाताने गुंडाळायच्या.

"भाऊ, दुपारी आवाज बसला तर वाढवू नका," त्या दरवेळी सांगायच्या. "कॉइल तापली का आवाज आपसूकच कमी होते. थोडी थंड होऊ द्या."

मी हो म्हणायचो.

एका मे महिन्यात एका लग्नात माझे काळे बॉक्स भर उन्हात उभे होते. सकाळी खणखणीत वाजले, दोनच्या सुमारास आवाज दबला. नवरदेवाचा मामा "वाढव, वाढव" करून राह्यला होता. मी वाढवला. आवाज चढला, पुन्हा बसला. मी आणखी वाढवला. शेवटी जळका वास आला आणि दोन्ही स्पीकर मुके झाले. मामा पाहुण्यांदेखत मला नको ते बोलला.

तो राग मी दुसऱ्या दिवशी घुग्घुसला घेऊन गेलो. दुकानात दोन-तीन साउंडवाले बसलेले. त्यांच्यासमोरच म्हणालो, "बाई, तुम्ही तार हलकी घातली."

त्यांनी काळी पडलेली कॉइल बोटांत फिरवून पाहिली. "तार तीच हाये, भाऊ," एवढंच म्हणाल्या. मी स्पीकर उचलून चंद्रपूरला दुसऱ्याकडे गेलो. हळूहळू बाकीचेही त्यांच्याकडे जाईनासे झाले.

पुढच्या उन्हाळ्यात माझे कोरे करकरीत स्पीकर तसेच जळाले. चंद्रपूरच्या मेकॅनिकने विचारलं, "गरम झाल्यावर वाढवले का?" मग त्यानेच समजावलं. तापलेली तार वीज कमी घेते, म्हणून आवाज पडतो. वाढवला की ती आणखी तापते.

तरी घुग्घुसला जायला मला दोन वर्षं लागली. दुकान बंद होतं. बाई आता शाळेत खिचडी शिजवतात, असं शेजाऱ्याने सांगितलं. तिथे जाऊन म्हणालो, "बाई, चूक माझी होती."

"मले ठाऊक होतं."

"मंग तवा काऊन नाई बोलल्या?"

"बोलली होती ना, भाऊ. त्याच्या आधीच. कितीकदा."

पुन्हा दुकान उघडा, मी सगळ्यांना सांगतो, असं मी म्हणालो. बारीक तार आता डोळ्यांना दिसत नाही, म्हणाल्या. मग ताट पुढे केलं, "जेवून जा."

घाई आहे सांगून मी निघालो. घाई कसलीच नव्हती. जेवायला हवं होतं.