खिडकीबाहेरचा हात

नाशिकहून निघालो ते मामांसाठी. मामा शहाद्याजवळच्या कळसाडीचे, सत्तरी ओलांडलेले. मान आखडल्यामुळे मागचं वळून पाहता येत नाही. त्यांचा मुलगा म्हणतो, गाडी विकून टाका. मी नवी गाडी घेतल्याचं कळलं तसा मामांचा फोन आला. "तुन्ही गाडी स्वतः दखस म्हणे. लई ये." गाडी स्वतः बघते म्हणे, तर घेऊन ये, एवढंच.

धुळ्यापर्यंत गाडीने मला थक्क केलं. पुढच्या ट्रकपासून अंतर राखत, पांढऱ्या पट्ट्यांमध्ये स्वतःला धरून ती चालली. माझे हात स्टिअरिंगवर नुसते टेकलेले. सोनगीरला शेवभाजी आणि भाकरी, सव्वाशेत पोटभर. मग दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा. उजेडातच पोहोचा, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात.

सकाळी मामा चालवायला बसले. मागून मोटारसायकल आली तसा आरशात दिवा लागला. "मानले सुट्टी," आखडलेली मान चोळत मामा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले.

ब्राह्मणपुरीकडे रस्ता नवा, पट्टे ताजे. डावी बाजू अडवून मका वाळत घातलेला, कडेने दगडांची ओळ. मक्यात एक बाई आमच्याकडे तोंड करून बसलेली. मामांनी सवयीने उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि एका हाताने गाडी उजवीकडे घेतली. इंडिकेटर त्यांनी आयुष्यात दिलेला नाही. गाडीला हात कळला नाही, मकाही कळला नाही. पट्टा तेवढा कळला. इंडिकेटर नाही म्हणजे पट्टा चुकून ओलांडला, असं धरून तिने स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

चाक दगडांवरून मक्यात गेलं. मामांनी ब्रेक दाबला. बाईपासून चार हातांवर थांबलो.

ती तेव्हा उठली. "अण्णा, हात तिकडे दखाडा, नी वनात मन्हा अंगवर?" हात तिकडे दाखवून माझ्या अंगावर आलात, असं ती म्हणत होती.

"मी नही, माय. गाडी वनी."

"मंग चालवी कोन ऱ्हायना?"

उतरून मामांनी दगड पुन्हा ओळीत लावले, मका सारखा केला. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडे बसले.

अशी गाडी घेऊन इकडे येणार असाल, तर पट्टा धरणारी सोय शहाद्यातच बंद करा.

परतीच्या महामार्गावर तिने पुन्हा सगळं बिनचूक केलं. मला मात्र ती बाई दिसत होती. एक उघडा पंजा पाहून ती जागची हलली नव्हती.

मामांनी आपली गाडी विकली. आता मुलाच्या शेजारी बसतात. मुलगा सांगत होता, डावं वळण आलं की डावा हात बाहेर काढतात.