कासवाच्या गोष्टीतला राजा

नातीच्या जातककथांच्या पुस्तकात काल ते चित्र दिसलं. दोन हंस, मधे काठी आणि काठीला दातांनी लटकलेलं कासव. माझ्या तोंडात एकदम लाकडी पट्टीची तुरट चव आली.

तिसगावच्या शाळेत मी तिसरीत होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "शाळेतली सुकडी पोटभर मिळते ना?" मी उभी राहिले. "न्हाई साहेब, पोतं गुरुजींच्या घरी जातं." साहेब हसले, गुरुजींचा चहा प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कासवाची गोष्ट सांगितली. बोलायला तोंड उघडलं, पडलं, मेलं. "तात्पर्य काय, गप बसावं," म्हणत त्यांनी पट्टी माझ्या दातांत दिली आणि शाळा सुटेपर्यंत उभं केलं. माझी लाळ गळत होती, पोरं खिदळत होती. गुरुजींच्या मिशीला सुकडीची पूड चिकटलेली होती, आणि मूर्ख मात्र मी स्वतःला समजत होते. पुढेही कितीतरी वर्षं.

काल ती गोष्ट पहिल्यांदा पूर्ण वाचली. पुस्तकात ती सांगितली होती प्रधानाने आपल्या बडबड्या राजाला, त्याच्या तोंडावर. म्हणजे गोष्टीतला राजासुद्धा त्या भामट्या गुरुजींनी पोत्यासारखाच परस्पर घरी नेला होता.