डावा कौल
नव्या ताडपत्रीचा वास आला की मला मढजवळचं चुलत्यांचं घर आठवतं. वादळात त्यांचं छप्पर उडालं आणि देवराईतलं एक झाडही पडलं. तिथलं लाकूड देवाला विचारल्याशिवाय कोणी नेत नाही, म्हणून चुलत्यांनी मूर्तीला फूल चिकटवून कौल लावला. फूल डावीकडे पडलं, म्हणजे नकार. "वाऱ्यानं पडलं राव, परत लावा," शेजारी म्हणाला, "आमी कुनी न्हाई बघितलं!" सगळे हसले. "ज्याला इचारलं, त्यानं बघितलं की," चुलते म्हणाले आणि पाया पडून रिकाम्या हातानं परतले. तो सगळा पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली काढला. पाणी गळायचं, ते गाढ झोपलेले असायचे. माझं घर आता स्लॅबचं आहे. तशी झोप मला अजून लागलेली नाही.