काचेवरचं कुंकू

चेन्नईला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन बरण्या खर्डा, आपट्याची मूठभर पानं आणि वेल्डिंगची माझी जुनी काळी काच होती. काच कशाला, म्हणून बायकोनं विचारलं. "पोरगी उजेडानं धातू जोडते म्हणे. बघायला नको?" मी म्हणालो. "बघा की. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिसेल नीट," असं म्हणून तिनं बरण्यांची झाकणं पुन्हा एकदा घट्ट केली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तीस वर्षं वेल्डिंग केलं. दुधाचे टँकर, पाण्याच्या टाक्या, साखर कारखान्यांचे पाइप. माझा जोड गळाला असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय, हे मी चहाच्या टपरीवर कितीदा तरी सांगितलंय. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते ऐकलंही असेल.

सारिका माझी एकुलती एक. चेन्नईत संशोधन करते. विषय कुणी विचारला की मी छाती पुढं काढून सांगतो, लेझरनं वेल्डिंग चालू असताना जोड बरा होतोय की बिघडतोय हे यंत्रानं स्वतः बघायचं आणि तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. ऐकणारा "अस्सं!" म्हणतो. कळत त्याला काही नाही, आणि खरं सांगतो, मलाही अर्धंच कळायचं. त्यात तिचा फोन आला. "बाबा, दसऱ्याला शेवटची चाचणी आहे. गिऱ्हाईक कंपनीचे साहेब येणार. पास झालं तर आमचं यंत्र कारखान्यात कायमचं बसेल. नाही झालं तर दोन वर्षांचं काम कपाटात." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही याल का?" तिनं असं कधी विचारलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

पुण्याहून गाडी धरली आणि चेन्नईला उतरलो. स्टेशनाबाहेर पाय टाकेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. रिक्षावाल्यानं माझी टोपी बघितली आणि "महाराष्ट्रा?" म्हणाला. मी "कोल्हापूर!" म्हणालो, तसं त्यानं "लक्ष्मी कोविल!" (देऊळ) म्हणत हात जोडले. परमुलखात अंबाबाईची ओळख निघाली म्हटल्यावर मी सारिकाच्या अड्यारपर्यंत ऐटीत बसून गेलो.

सारिका राहते त्या घराच्या मालकीणबाई राधाबाई. तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज राजांबरोबर तिकडं गेले ते तिकडचेच झाले. बोलतात मराठीच, पण शब्द जुन्या कागदातले आणि हेल पक्का तमिळ. "प्रवास सुखे झाला की?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतात. मग लक्षात आलं, यांनी आपली भाषा इतकी वर्षं जपून ठेवलीय, आणि आपण मात्र बदलून बसलो.

घरात कोलु (नवरात्रातली पायऱ्यांवरची बाहुल्यांची मांडणी) होती. राधाबाईंनी सुंडल (ओलं खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ) दिलं, वर कॉफी. इथं भांडं ओठाला न लावता कॉफी वरून घशात ओततात. मीही ओतली, ती सगळी सदऱ्यावर. "राहू द्या, सवय होईल," राधाबाई म्हणाल्या. मी खर्ड्याची बरणी त्यांच्या पुढं सरकवली. त्यांनी बोटानं चाखला आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाल्या, "हे नको, याची सवय नाही होणार." फिट्टंफाट झाली.

सारिका दिवसभर कामात. म्हणून राधाबाईंबरोबर टी. नगरला जाऊन बायकोसाठी साडी घेतली. त्या गर्दीत मी दोनदा हरवलो आणि दोन्ही वेळा टोपीमुळं सापडलो.

नवमीला सारिका मला गुम्मिडिपूंडीला घेऊन गेली. चेन्नईच्या उत्तरेला कारखान्यांचं गावच आहे ते. नवमीला तिकडं आयुध पूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. निघताना राधाबाईंनी कुंकवाची पुडी हातात दिली. "लेकीच्या यंत्राला लावा," म्हणाल्या.

कारखान्यात विजेवर चालणाऱ्या बसच्या बॅटरीचे ॲल्युमिनियमचे डबे होतात. जोडाला सुईएवढं भोक राहिलं तरी पाणी आत जाणार आणि बॅटरी पेटणार. "वांग अय्या, वांग!" (या साहेब, या) म्हणत सुपरवायझर मुरुगेसन पुढं आला. पूर्वी दोन वर्षं चाकणला होता, त्यामुळं मोडकंतोडकं मराठी बोलायचा. "तुमचा मुलगी लई हुशार," तो म्हणाला. व्याकरणाला मारा गोळी! मी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं.

सारिकानं यंत्र दाखवलं. बंद खोलीसारखं कपाट, आत लेझरचं तोंड, शेजारी बोटाच्या पेराएवढी काच. "बाबा, हा याचा डोळा. धातू वितळताना जो उजेड निघतो, तो हा बघतो. उजेड कमी दिसला म्हणजे ताप कमी पडतोय, मग यंत्र लेझरचा जोर वाढवतं. जास्त दिसला तर उतरवतं."

"हेच आम्ही हातानं करत होतो की गं!"

"मग? तुमच्याकडं बघूनच तर शिकले." असं म्हणून ती कामाला निघून गेली. मी मात्र तिथंच उभा. आनंदानं मला काय करू नि काय नको असं झालं.

पूजा झाली. सगळ्यांनी यंत्रांच्या अंगावर चंदन-कुंकवाचे पोट्टु (टिळे) लावले. फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. सगळे तिकडं पांगले, आणि मी राधाबाईंची पुडी काढली. आता ऐका. उद्यमनगरात खंडेनवमीला आम्ही वेल्डर लोक कुंकू लावतो ते हातातल्या ढालीच्या काळ्या काचेला. ती काच डोळे वाचवते, म्हणून पहिला मान तिचा. दसऱ्याला सकाळी सदऱ्याच्या टोकानं पुसायची आणि कामाला लागायचं. मी वाकलो, बोट ओलं केलं आणि पोरीच्या यंत्राच्या डोळ्यावर ठसठशीत टिळा लावला. सकाळी लवकर येऊन पुसायचं ठरवलं होतं.

सकाळी पोचलो तर साहेब आधीच हजर. कपाटाला कुलूप, वर लाल दिवा. सांगावं का? साहेबांसमोर पोरीची शोभा होईल. एवढ्याशा कुंकवानं काय बिघडतंय? आणि मी गप्प बसलो. गप्प बसायची मला जुनी सवय आहे.

सारिकानं बटण दाबलं. लेझर पेटलाच नाही. पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं आली.

"मॅडम, पहिल्याच डब्याला बंद?" साहेब म्हणाले.

सारिकाचा चेहरा उतरला, पण तिनं शांतपणे अक्षरं वाचून सांगितली. "यंत्र म्हणतंय, मला नीट दिसत नाही, काच तपासा."

मुरुगेसननं कुलूप काढून आत डोकं घातलं आणि "पोट्टु!" म्हणून ओरडला. काचा पुसायचं काम सेल्वी नावाच्या बाईकडं होतं. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती बिचारी दोन्ही हात हलवत "मी नाही, मी नाही" असं तमिळमध्ये म्हणत होती. तिचे डोळे भरले, आणि मला राहवलं नाही.

"मी लावलं," मी म्हणालो. मग हिंदीतही सांगितलं. "काल लावलं. सकाळी कुलूप बघून आठवलंही होतं. तरी बोललो नाही. तिची काही चूक नाही."

सारिका माझ्याकडं बघतच राहिली. साहेबांनी तिला विचारलं, "पण काच खराब आहे हे त्याला कळलं कसं?"

"डोळ्यासमोर एक छोटा दिवा बसवलाय, सर. प्रत्येक जोडाआधी यंत्र तो बघून घेतं. ओळखीचा दिवाच अंधुक दिसला तर दोष जोडाचा नाही, आपल्या डोळ्याचा."

"आणि दिवा नसता तर?"

"तर त्याला वाटलं असतं ताप कमी पडतोय. जोर वाढवत गेलं असतं आणि डब्याला भोक पाडलं असतं."

साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं आणि बाह्या सरसावल्या. मग स्वतःच्या हातानं काचेला कधी तेल लावलं, कधी धूळ, कधी पुन्हा माझंच कुंकू. यंत्र दरवेळी थांबलं आणि दरवेळी तेच म्हणालं. शेवटी सेल्वीनं काच लख्ख पुसली आणि डबे जोडायला घेतले. मी पिशवीतली काळी काच काढली तर मुरुगेसननं हात धरला. "अय्या, लेझरला ही काच चालत नाय. पडदा बघा." ओळीनं सगळे डबे पाण्यात बुडवून तपासले. एकातूनही बुडबुडा आला नाही. साहेबांनी सही केली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ही परीक्षा आमच्या यादीत नव्हती. बरं झालं तुम्ही आलात." मी टोपी नीट केली. तीस वर्षांत कधी वाटला नाही इतका अभिमान मला त्या क्षणी वाटला, आणि तो माझ्या कामाचा नव्हता.

चेन्नईला परतताना लोकलमध्ये सारिकाला आपट्याचं पान दिलं. "सोनं घे." तिनं पाया पडून घेतलं आणि खिडकीकडं बघत म्हणाली, "बाबा, तो दिवा मी का बसवला माहितीय? कागलचा टँकर."

तो दुधाचा टँकर मीच जोडला होता. मी उरलेली पानं पिशवीत सारली.

"मी बारावीत होते. तुम्ही ताटातलं मीठ चाचपडायचात. आईला माहीत होतं, मलाही. तुम्ही कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही नाही. माझ्या यंत्रानं तसं करू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पण आज तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. पास झाले त्याच्यापेक्षा मला ते जास्त आवडलं."

चार दिवसांनी कोल्हापुरात उतरलो. लोक विचारतात चेन्नईत काय बघितलं, समुद्र बघितला का. समुद्र राहिलाच. आपल्याला दिसत नाही हे न लाजता सांगणारं यंत्र बघितलं, आणि ते माझ्या लेकीनं केलंय.

घरी बॅग ठेवली आणि तडक उद्यमनगरात जुन्या मालकांकडं गेलो. कागलजवळ दुधाचा टँकर गळाला तेव्हा पत्रा हलका होता असं मीच त्यांना सांगितलं होतं. माझ्या शब्दावर त्यांनी पत्रेवाल्याशी वीस वर्षांचा संबंध तोडला होता.

"मालक," मी म्हणालो, "कागलच्या टँकरचा पत्रा चांगला होता. मला दिसत नव्हतं."

मालकांनी हातातली वही मिटली. मग त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"चल," म्हणाले. "पत्रेवाल्याचं दुकान आत्ता उघडं असेल."