पालथ्या पडून शिवणाऱ्या टेलरबाई

कमरेखाली आपल्याला काही कळत नाही, हे टेलरबाईंना बारा वर्षं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी शर्टाचं बटण हातातून निसटून चाकांच्या खुर्चीच्या गादीवर पडलं आणि बाई त्याच्यावर आठ तास बसून राहिल्या. दर अर्ध्या तासाने हातांवर भार देऊन अंग उचलायचं आणि गादी चाचपायची, हा त्यांचा नेम. पण गणवेशांची घाई होती. संध्याकाळी कपडे बदलताना मुलीला कातडीवर बटणाचा छाप दिसला, चारही भोकांसकट. तिसऱ्या दिवशी तिथे जखम झाली.

"तीन आठवडे बसायचं नाही, पालथं झोपायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आणि बाथरूमला न्यायला कोणी लागू नये म्हणून पाणी पीत नाही ना? मागचा लघवीचा त्रास त्यानेच झाला."

चोरी पकडली गेली होती.

घरी आल्यावर दीर सुरू झाले. "वहिनी, पुरे आता. मशीन विकू. पडून आराम करा."

तळपायाला काही कळत नसलं तरी त्याची आग मस्तकात गेलीच. "आराम? पहिलं वर्ष खाटेवर आरामच केला ना! तेव्हा पाठीला दोन जखमा झाल्या होत्या. मला या दुकानाने उठवलंय, भावजी. मशीनला हात लावून तर बघा!"

दुसऱ्या दिवशी कापड बेतायच्या टेबलावर गाद्या घालून घेतल्या आणि बाई दुकानातच पालथ्या पडल्या. मशीन मुलीने सांभाळलं. काजं, बटणं, हातशिलाई बाईंनी. नाकासमोर पाण्याची बाटली, शेजारी पाणी प्यायची आठवण करायला गजराचं घड्याळ. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग त्यांच्या डोक्याशी उभं राहून तक्रारी सांगू लागली.

आठव्या दिवशी दीर खरंच मशीनला गिऱ्हाईक घेऊन आले. मशीन गेलं की आपण पुन्हा खाटेवर, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. टेबलाच्या कडेवरून त्यांना पाहुण्याचे पाय जेमतेम गुडघ्यांपर्यंतच दिसत होते. बाईंनी तेवढंच नीट पाहिलं.

"पॅन्टचा डावा पाय जमिनीवर घासतोय की हो! असे फिरता चारचौघांत?"

पाहुणा ओशाळून खाली बघू लागला.

"पडद्यामागे चादर आहे, गुंडाळा. दहा मिनिटांत देते. भावजी, उभे काय राहिलात? सुईत दोरा ओवा."

पाहुणा पडद्याआड पॅन्ट उतरवू लागला. दीर खिडकीशी जाऊन, एक डोळा मिटून, दोरा ओवत राहिले.