उलट्या पिळाच्या बाह्या

यानुसने विणलेला पहिला चौकोन चौकोन नव्हताच. खाली वीतभर रुंद होता आणि वर जाता जाता निमुळता होऊन त्याचं होडीचं शीड झालं होतं. गरम भांडी उचलायचं एक फडकं क्रोशाने विणता आलं, की मगच पुढचं शिकवायचं, असा विणकाम मंडळाचा नियम होता. तो येन्सीना आत्याने घातलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हतं.

"प्रत्येक ओळीत कडेचा एक टाका खातोस," आत्या म्हणाली.

"मी काही खात नाही. मी मोजतो. मोजूनसुद्धा कमी होतात."

"मग मोजू नकोस. बघत जा."

यानुसने सुई टेबलावर ठेवली. उभा जन्म त्याने मासेमारीच्या मोठ्या बोटींवर इंजिनं सांभाळली होती. इंजिनाला दाब किती, तेल किती, हे काट्यावर दिसतं. इथे काहीच काट्यावर दिसत नव्हतं. धागा किती घट्ट धरायचा, विचारलं की उत्तर यायचं, "पुरेसा." पुरेसा म्हणजे किती, विचारलं की, "हाताला कळतं."

"माझ्या हाताला नटाचे आटे कळतात, आत्या."

"मग तेवढ्यात समाधान मान आणि उसव ते."

फेरो बेटांवरच्या त्या गावात दर मंगळवारी संध्याकाळी हे मंडळ कोणाच्या तरी घरी जमायचं. सात-आठ बायका, कॉफीची किटली, रुबार्बचा मुरंबा घातलेला केक आणि प्रत्येकीच्या मांडीवर काहीतरी अर्धवट. त्यात यानुस एकटा पुरुष. आजोबांच्या काळात हिवाळ्यात गावातले पुरुषही लोकर पिंजत, विणत बसायचे, त्यामुळे पुरुष म्हणून त्याला कोणी हसलं नाही. हसल्या त्या त्याच्या फडक्याला.

खरं म्हणजे फडकं त्याला नकोच होतं. त्याला एक स्वेटर हवा होता, थोरल्या भावासाठी, सोफुससाठी. दोघे भाऊ बिनलग्नाचे, डोंगरउतारावरच्या एकाच घरात राहिलेले. यानुस समुद्रावर असायचा आणि सोफुस मेंढरं राखायचा. मग सोफुसची नजर गेली, पाठोपाठ पाय गेले, आणि त्याला पलीकडच्या बेटावरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मेंढरं यानुसच्या गळ्यात पडली. त्याने काही दिवस त्यांच्यामागे डोंगर चढून पाहिला, गुडघा दुखावून घेतला, दोन मेंढ्या कड्यावरून समुद्रात घालवल्या आणि शेवटी सगळा कळप शेजाऱ्याला देऊन टाकला. सोफुसला सांगितलं ते नंतर.

सोफुस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प झाला. दर रविवारी यानुस फेरीबोटीने जायचा, खुर्ची ओढून बसायचा, गावातल्या बातम्या सांगायचा, आणि सोफुस खिडकीकडे तोंड करून बसायचा. एकदाच काय ते बोलला.

"शेवटची लोकर माळ्यावर पोत्यांत आहे. ती तू कात आणि तूच विण. दुकानातली लोकर मिसळलीस तर मला हाताला कळेल. स्वेटर आण, मग बोलू."

त्यानंतर तो पावसावरसुद्धा बोलला नाही.

म्हणून फडकं उसवून पुन्हा विणलं गेलं. तिसऱ्या खेपेला ते जेमतेम चौकोनी झालं. आत्याने ते दिव्यासमोर धरलं, स्वतःच्या स्वयंपाकघरात नेऊन खुंटीला अडकवलं आणि यानुसला चरख्यावर बसवलं.

चरखा पायाने चालवायचा. पाय एका लयीत, डावा हात लोकरीचा पेळू धरून मागे, उजवा हात पुढे चिमटीत. आधी पाय लक्षात ठेवला की हात विसरायचे आणि हात आठवले की पाय उलटा पडायचा. धागा कधी केसासारखा बारीक होऊन तुटायचा, कधी त्यात गोगलगाईएवढी गाठ यायची. चहूबाजूंनी सल्ले चालूच. विगदिस म्हणून मंडळात एक पोरसवदा बाई होती. मत्स्यशेतीवर काम करायची आणि सगळी कला मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकली होती.

"यानुस, त्या नॉर्वेच्या बाई सांगतात की लोकर हातात धरायची ती पाखरू धरल्यासारखी."

"कुठलं पाखरू?"

"कुठलं म्हणजे?"

"पफिन धरायचा म्हटलं तर मान पिरगाळून धरतात. चिमणी तशी धरत नाहीत. कुठलं ते सांग, मी तसं धरतो."

विगदिसने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "त्याच्याशी बोलू नकोस, तो कातताना बोलला की धागा तोडतो." आणि धागा तुटला.

घरी आल्यावर मात्र यानुसला जरा मोकळं वाटायचं. आईचा चरखा त्याने माळ्यावरून उतरवला होता. तिथे सल्ला द्यायला कोणी नव्हतं. एकच अडचण होती. मोठं चाक आणि धाग्याचं रीळ यांना जोडणारी दोरी, जिला माळ म्हणतात, ती घसरत होती. चाक फिरायचं, रीळ जागच्या जागी. आता हे मात्र यानुसच्या प्रांतातलं होतं. पट्टा घसरत असेल तर तो सरळ न ठेवता मध्ये फुली पडेल असा टाकायचा, म्हणजे त्याचा विळखा वाढतो आणि पकड बसते. बोटीवर हे त्याने कितीदा केलं होतं. त्याने नवी नायलॉनची दोरी घेतली, फुली देऊन ताणून बांधली आणि पाय मारला. रीळ असं फिरायला लागलं की मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

त्या हिवाळ्यात तो खरोखर कातायला शिकला. धागा एकसारखा यायला लागला, पिळाचा ताठपणा बोटांना समजायला लागला. मंगळवारी तो एक भरलेलं रीळ घेऊन गेला. आत्याने धागा दोन बोटांत ओढून पाहिला.

"बरा आहे."

आत्याच्या तोंडून बरा आहे म्हणजे पुष्कळच झालं. तिने तो धागा उलगडून नीट पाहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्याच वेळी केक आला.

ईस्टर जवळ आला तरी निम्मी पोती तशीच होती. जुलैअखेर ओलावसोकाचा सण. त्या दिवशी वृद्धाश्रमातली माणसंही चांगले कपडे घालून बाहेर बसतात, आणि स्वेटर तोवर व्हायला हवा होता. तेव्हा आत्या म्हणाली, उरलेली लोकर मी कातते.

"सोफुसने मला कातायला सांगितलं होतं."

"मी त्याची आत्या आहे. त्याने मला नाही म्हणून दाखवावं."

पुढचं मंडळ यानुसच्या घरी भरलं. त्याने केक दुकानातून आणला होता आणि ते सगळ्यांना कळलं होतं, पण त्या दिवशी महत्त्वाचं काम होतं. त्याचा एक पदर आणि आत्याचा एक पदर एकत्र पिळून दुपदरी धागा करायचा. आत्या स्वतः चरख्यावर बसली, तिच्या स्वतःच्या, घरून आणलेल्या, कारण दुसऱ्याच्या चरख्यावर ती बसत नसे. विगदिसने दोन्ही रिळं धरली.

पहिला हात-दोन हात धागा ठीक निघाला. मग आत्याचा पाय थांबला. आत्याचा पदर सुटा होऊन त्याची पुन्हा लोकर होत चालली होती, आणि यानुसचा पदर आवळत, गाठी मारत त्याच्याभोवती स्प्रिंगसारखा गुंडाळत होता. तिने हलकंच ओढलं. धागा तुटून हातात आला.

"लोकर जास्त धुतली असेल," विगदिस म्हणाली.

"हवा दमट आहे," दुसरी म्हणाली.

"दुकानातला केक," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

आत्या उठली, यानुसच्या आईच्या चरख्यापाशी गेली आणि चाक बोटाने फिरवलं. चाक एका दिशेला फिरत होतं आणि रीळ दुसऱ्या. तिने दोरीवरच्या फुलीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"माळ घसरत होती. फुली दिली की पकड वाढते."

"आणि पीळ उलटा बसतो."

इंजिनावर फुली दिली की पंप उलटा फिरतो, हे यानुसला माहीत होतं. बोटीवर त्याचा विचार तो आधी करायचा. इथे तो विचार त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता, कारण त्याच्या मते हे इंजिन नव्हतंच, हे बायकांचं पाखरू धरणं होतं.

"घसरत होती तर खोबणीला थोडं मेण लावायचं," आत्या म्हणाली. "तुझी आई तेच करायची."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू कोणाला विचारलंस?"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. आपल्याकडे बोट किनाऱ्यावरून निघते तेव्हा सूर्याच्या दिशेने वळवतात, नाच त्याच दिशेने फिरतो, धागाही त्याच दिशेने कातायचा. सूर्याविरुद्ध कातलेला धागा अंगावर घालून कोणी समुद्रावर जात नाही. विगदिसने तर सुचवलं की दुकानात याच रंगाची लोकर मिळते, सोफुसला काय दिसणार आहे.

"त्याला हाताला कळतं," यानुस म्हणाला, आणि आपण कोणाचं वाक्य बोललो हे लक्षात येऊन त्याला आणखीच चीड आली.

त्याने रस्ता काढला तो त्याच्या पद्धतीने. आत्याचा पदर आत्याच्याच पदराशी पिळायचा, नेहमीसारखा. त्याचा पदर त्याच्याच पदराशी, नेहमीच्या उलट दिशेने. दोन्ही धागे आपापल्या परीने पक्के झाले. आता स्वेटरचं अंग आत्याच्या धाग्याचं आणि बाह्या त्याच्या धाग्याच्या, असं ठरलं. विणायचं मात्र सगळं त्यानेच.

अंग विणताना त्याने किती उसवलं याचा हिशेब मांजरालाच ठाऊक. पण ते झालं. मग बाही घेतली आणि धागा पुन्हा उलटला. प्रत्येक टाक्याबरोबर सुईवरच त्याचा पीळ सुटायचा, पदर वेगळे व्हायचे आणि सुईचं टोक दोन्हींच्या मधून जायचं. दोन आठवडे त्याने हा छळ सोसला आणि एका मंगळवारी ती बाही आत्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकली.

"मी हा स्वेटर बिनबाह्यांचा देणार."

"त्याला थंडी वाजते," आत्या म्हणाली.

"मग त्याने मेंढरांसाठी रुसायचं नव्हतं."

आत्याने त्याच्या धाग्याचं टोक घेतलं, खुंटीवरच्या त्या वेड्यावाकड्या फडक्याकडे पाहिलं आणि ड्रॉवरमधून क्रोशाची सुई काढली. चार-सहा टाके घातले. धागा फुटला नाही, उलट प्रत्येक टाक्याबरोबर आणखी घट्ट होत गेला.

"क्रोशाने हात दुसऱ्या बाजूने फिरतो," ती म्हणाली. "तुझ्या या उलट्या कारभाराला तोच जमतो."

"मी क्रोशाने बाह्या विणू? स्वेटरला? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्तासुद्धा म्हणतातच आहेत," विगदिस म्हणाली.

आणि कडेचा टाका न खाता, न मोजता, नुसतं बघत, यानुसने दोन्ही बाह्या क्रोशाने विणल्या. जाड झाल्या, कडक झाल्या. लांबीला एक दुसरीपेक्षा बोटभर कमी भरली. आता ती उसवायला कोणी सांगितलं असतं तर तो गाव सोडून गेला असता.

ओलावसोकाच्या दिवशी तो सकाळच्या फेरीबोटीने गेला. सोफुस खिडकीपाशीच होता, पांढरा सदरा आणि चांदीच्या गुंड्यांची बंडी घालून. यानुसने स्वेटर त्याच्या मांडीवर ठेवला.

सोफुसची बोटं आधी स्वेटरच्या अंगावरून फिरली, खालून वर, हळूहळू.

"आत्याची कताई आहे ही."

"अर्धी. मला वेळ पुरला नाही."

"विणकाम तिचं नाही. इथे टाका सुटलाय. हा बघ. आणि हा." बोटं खांद्यावरून बाहीवर आली आणि थांबली. त्याने बाही मुठीत धरली, चुरगळली, धाग्याचं एक टोक शोधून दोन बोटांत चोळलं. "हा पीळ उलटा आहे."

"हो."

"चरख्याचं काय केलंस?"

"माळ फुली देऊन बांधली."

"का?"

"घसरत होती."

"मेण लावायचं की, गाढवा. खिडकीच्या फळीवर डबी होती आईची. तुला कधी दिसली नाही? आणि हे काय विणलंस, मासळीचं जाळं? कोपरातून हात वाकणार आहे का माझा? सूर्याविरुद्धचा धागा घालून मी बोटीत बसलो तर बोट बुडेल."

"तू कुठे बोटीत बसतोयस."

"मुद्दा तो नाही. आणि ती भुरी मेंढी यात आहे, डोक्यावर ठिपका असलेली, तिची मानेची लोकर बाह्यांना वापरायची नसते, अंगाला वापरायची. कोणी सांगितलं नाही तुला? कोण सांगणार, तू कोणाला विचारतोस? मेंढरं देतानासुद्धा विचारलं नाहीस. शेजाऱ्याला दिलीस, त्याचा कुत्रा मेंढरांच्या पायाला चावतो, गावात सगळ्यांना माहीत आहे..."

तो थांबेना. मेंढरांवरून कुत्र्यावर आला, कुत्र्यावरून शेजाऱ्याच्या बापावर, तिथून यानुस लहानपणी एकदा दूध सांडून पळाला होता त्यावर. परिचारिका दार उघडून बघून गेली. बाहेर अंगणात सणाची गाणी सुरू झाली. यानुसने दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एवढे महिने ज्या एका शब्दासाठी वाट पाहिली होती, त्याच्या बदल्यात हे सगळं अंगावर येत होतं, आणि मधे श्वास घ्यायलाही तो माणूस थांबत नव्हता.

बोलता बोलताच सोफुसने स्वेटर डोक्यातून घातला. बाह्या कडक असल्यामुळे हात घालायला यानुसला मदत करावी लागली. आखूड बाहीतून मनगट बाहेर राहिलं.

"या बाह्या उसव," सोफुस म्हणाला. "नीट कात आणि पुन्हा विण. मेण लावून."

"बरं. मग काढ, घेऊन जातो."

सोफुसने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले.

"आत्ता? थंडी वाजते मला. पुढच्या रविवारी बघू."